चुकलं तर भुर्दंड कोणाला? औषधं, तंत्रज्ञान आणि संरक्षण यांतल्या संशोधनाच्या तीन तऱ्हा

डिसेंबर २००६ च्या सुरुवातीला फायझर या औषध कंपनीने टॉरसेट्रॅपिब नावाच्या गोळीची चाचणी एकाएकी बंद केली. रक्तातलं 'चांगलं' कोलेस्टेरॉल वाढवणारी ही गोळी हृदयविकाराचा धोका कमी करेल, अशी कंपनीला मोठी आशा होती. चाचणीत सुमारे १५ हजार रुग्ण होते. आकडे तपासले तेव्हा दिसलं, की नवी गोळी घेणाऱ्या गटात ८२ जण दगावले होते आणि ती न घेणाऱ्या गटात ५१. चांगलं कोलेस्टेरॉल ठरल्याप्रमाणे वाढलं होतं, तरी माणसं जास्त मरत होती. तोवर या औषधावर सुमारे ८० कोटी डॉलर खर्च झाले होते. ते कंपनीचे स्वतःचे पैसे होते आणि ते बुडाले.

एखाद्या ॲपमध्ये नवी सोय आणली आणि लोकांना ती आवडली नाही, तर ती त्याच दिवशी काढून टाकता येते. लढाऊ विमान ठरल्या मुदतीत तयार झालं नाही, तर सरकार मुदत वाढवतं आणि पुढचा हप्ता देतं. तिन्हीकडे घडतं ते एकच: माहीत नसलेली गोष्ट शोधायला निघालेल्यांचा अंदाज चुकतो. पण त्याचा भुर्दंड तीन वेगळ्या लोकांवर पडतो. औषधं यायला इतकी वर्षं का लागतात, संरक्षणाचे प्रकल्प इतके महाग का होतात, सॉफ्टवेअर इतक्या झपाट्याने कसं बदलतं, या प्रश्नांची उत्तरं आपण बहुतेकदा विज्ञानात शोधतो. मला वाटतं, त्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. चुकलं तर कोणाचे पैसे बुडतात? चुकल्याचं कधी कळतं? आणि जमलं तर विकत घेणारा कोण आहे?

औषधं: इथे पुरावा विकला जातो

औषध संशोधनाचे आजचे नियम माणसांना झालेल्या इजेतून आले आहेत. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे औषध बाजारात आलं. गरोदर बायकांना मळमळीवर ते दिलं जाऊ लागलं आणि अनेक देशांत मिळून हजारो बाळं हातापायांची वाढ खुंटलेल्या अवस्थेत जन्मली. अमेरिकेत हे टळलं, कारण तिथल्या अन्न व औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी यांनी सुरक्षिततेचा पुरावा अपुरा आहे म्हणत मंजुरी अडवून धरली. त्यानंतर १९६२ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला. औषध सुरक्षित आहे एवढं दाखवणं आता पुरेसं नव्हतं. ते गुणकारी आहे हेही विक्रीच्या आधी सिद्ध करणं भाग झालं.

या एका अटीने सगळ्या उद्योगाची रचना ठरवली. बहुतेक गोळ्या बनवायला स्वस्त असतात. पैसा लागतो तो त्या गोळीबद्दलचा पुरावा जमवायला. आधी प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर चाचण्या होतात. मग माणसांवरच्या चाचण्यांचे तीन टप्पे येतात: पहिल्यात थोडेच, बहुधा निरोगी स्वयंसेवक, दुसऱ्यात काहीशे रुग्ण आणि तिसऱ्यात शेकडो ते हजारो. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच बाजारात येतं. सर्वाधिक औषधं दुसऱ्या टप्प्यात गळतात, कारण आजारावर खरंच परिणाम होतो का, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा नीट विचारला जातो. टॉरसेट्रॅपिबसारखं तिसऱ्या टप्प्यात पडलेलं औषध सगळ्यांत महागात पडतं.

एक औषध बनवायला नेमके किती पैसे लागतात, यावर बरेच वाद आहेत. २०१४ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सुमारे २.६ अब्ज डॉलर हा आकडा दिला आणि तो जगभर गाजला. पण त्यात प्रत्यक्ष खर्च सुमारे १.४ अब्जांचाच होता. उरलेली रक्कम म्हणजे इतकी वर्षं पैसा अडकून पडल्याची किंमत. तोच पैसा दुसरीकडे गुंतवला असता तर काय मिळालं असतं, याचा हिशेब. शिवाय त्या १.४ अब्जांत वाटेत पडलेल्या औषधांचा खर्चही धरलेला होता. २०२० मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात मध्यम आकडा एक अब्जाच्या किंचित खाली आला. आत काय काय धरलं आहे ते न सांगता कोणी यांतला एखादा आकडा तोंडावर फेकला, तर त्यावर विसंबू नये.

त्यात पेटंटचं घड्याळ चालू असतं. पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं टिकतं, आणि चाचण्यांची दहा-बारा वर्षं त्यातूनच जातात. उरलेल्या मुदतीत आपला खर्च, पडलेल्या भावंडांचा खर्च आणि नफा असं सगळं वसूल करायचं असतं. म्हणूनच या क्षेत्रात जोखीम वाटून घेण्याची पद्धत रुळली आहे. मूळ शोध बहुधा सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांत लागतो. तो घेऊन एखादी छोटी कंपनी उभी राहते आणि भांडवलदारांच्या पैशावर पहिले एक-दोन टप्पे पार करते. मग मोठी कंपनी तिला किंवा तिच्या औषधाला विकत घेते आणि तिसऱ्या टप्प्याचा प्रचंड खर्च उचलते. प्रत्येक टप्प्याला थांबायची मुभा असते. वेळेवर थांबणं हे या क्षेत्रातलं मोठं कसब आहे, आणि मोठा पैसा वाचतो तो त्यामुळेच.

आणखी एक अडचण फक्त याच क्षेत्रात आहे. २०१२ मध्ये काही अभ्यासकांनी दाखवून दिलं, की १९५० पासून संशोधनावर खर्च केलेल्या दर अब्ज डॉलरमागे मिळणाऱ्या नव्या औषधांची संख्या साधारण दर नऊ वर्षांनी निम्मी होत आली आहे. महागाई वजा करूनही. चिपवरच्या ट्रान्झिस्टरांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत राहील, असं गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये सांगितलं होतं. हे त्याच्या अगदी उलट आहे. कारणं अनेक आहेत, पण एक विशेष लक्षात घेण्याजोगं आहे. नव्या औषधाची तुलना जुन्या चांगल्या औषधांशी होते, आणि पेटंट संपल्यावर ती जुनी औषधं स्वस्तात मिळत राहतात. जुना फोन नव्या फोनपुढे फिका पडतो. रक्तदाबाची तीस वर्षांपूर्वीची गोळी मात्र आजही तितकंच काम करते.

तंत्रज्ञान: दोन वेगळे उद्योग, एकच नाव

तंत्रज्ञान कंपन्यांचे संशोधन खर्चाचे आकडे डोळे दिपवणारे असतात. गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिने २०२३ मध्ये या खात्यावर सुमारे ४५ अब्ज डॉलर दाखवले. पण यात चालू उत्पादनं सुधारत राहणाऱ्या हजारो अभियंत्यांचे पगारही येतात. औषध कंपनीच्या याच खात्यात रुग्णालयांना दिलेले चाचण्यांचे पैसे येतात. दोन्हींना 'संशोधन आणि विकास' हेच नाव असलं, तरी आतला माल वेगळा असल्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून फारसं काही कळत नाही.

सॉफ्टवेअरची पद्धत थोडक्यात सांगता येते. थोड्या वापरकर्त्यांना नवी आवृत्ती द्यायची, बाकीच्यांना जुनीच ठेवायची, काय फरक पडतो ते पाहायचं आणि जमलं तर सगळ्यांना द्यायची. चूक काही तासांत कळते आणि दुरुस्तही होते. भुर्दंड पडलाच तर तो थोडाथोडा लाखो वापरकर्त्यांवर पडतो: एखादं पान उघडत नाही, एखादं बटण सापडत नाही. म्हणून इथे आधी सिद्ध करण्यापेक्षा आधी करून पाहणं परवडतं.

ही सवय जशीच्या तशी वैद्यकात नेली, तर काय होतं ते थेरानोसने दाखवलं. बोटातून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर शेकडो तपासण्या करू, असा या कंपनीचा दावा होता. एके काळी तिचं मूल्य सुमारे ९ अब्ज डॉलर मानलं गेलं. यंत्र तसं काम करत नव्हतं, तरी रुग्णांना निकाल दिले जात होते. संस्थापक एलिझाबेथ होम्स यांना जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवण्यात आलं. त्या प्रकरणात खोटेपणा होताच. पण 'आधी बाजारात उतरू, मग सुधारू' हा विचार रक्ततपासणीच्या बाबतीत प्रामाणिक माणसाने केला असता, तरी तो घातकच ठरला असता.

हार्डवेअरची गोष्ट फार वेगळी आहे, आणि माझ्या दृष्टीने या क्षेत्रातला सगळ्यांत शिकण्याजोगा भाग तोच आहे. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला; विल्यम शॉक्ली यांच्यासह दोघांना पुढे नोबेल मिळालं. ही प्रयोगशाळा एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची. अमेरिकेतल्या टेलिफोन सेवेवर त्या कंपनीची सरकारमान्य मक्तेदारी होती. ग्राहक दुसरीकडे जाण्याची भीती नव्हती, त्यामुळे वीस वर्षांनी उपयोगी पडेल अशा कामावर माणसं बसवणं तिला परवडत होतं. हा खर्च अखेर टेलिफोनच्या बिलातूनच भरला जात होता. मक्तेदारीची किंमत म्हणून १९५६ मध्ये सरकारशी झालेल्या तडजोडीत कंपनीला आपली तेव्हाची पेटंटं इतरांना खुली करावी लागली. १९८४ मध्ये कंपनीचे तुकडे झाले आणि प्रयोगशाळेमागचं ते आर्थिक छत्र गेलं. बेल लॅब्जच्या हुशार माणसांबद्दल पुष्कळ बोललं जातं. त्यांच्या सबुरीचे पैसे कोण भरत होतं, याबद्दल त्या मानाने फार कमी.

तशी सबुरी आज कुठे दिसते? अतिसूक्ष्म चिप छापणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत दिसते. नेदरलँड्समधली एएसएमएल कंपनी अत्यंत लहान तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाने चिपवर नक्षी उमटवणारं यंत्र बनवत होती. वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला हजारो वेळा लेझरचा मारा करून तो प्रकाश तयार करावा लागतो. काम वर्षानुवर्षं रखडलं. २०१२ मध्ये इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या चिप बनवणाऱ्या तीन ग्राहकांनी मिळून एएसएमएलचे २३ टक्के समभाग घेतले आणि संशोधनासाठी वेगळे सुमारे १.४ अब्ज युरो द्यायचं कबूल केलं. म्हणजे यंत्र तयार व्हायच्या आधीच गिऱ्हाइकाने संशोधनाचा खर्च उचलला. तंत्रज्ञान उद्योग इथे संरक्षण उद्योगाच्या वाटेने गेला.

संरक्षण: गिऱ्हाईक एकच

नवं लढाऊ विमान बनवून ठेवू आणि मग गिऱ्हाईक शोधू, असं सहसा कोणतीही कंपनी म्हणत नाही. गिऱ्हाईक एकच असतं, ते म्हणजे आपलं सरकार. परदेशात विकायलाही त्याचीच परवानगी लागते. त्यामुळे संशोधनाचा खर्च सरकारच देतं, आणि काम जितकं अनोळखी, तितका करार कंपनीच्या बाजूला झुकतो. नव्या विकासकामासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका करारात कंपनीचा मान्य खर्च सरकार भरून देतं आणि वर ठरलेला नफा देतं. हे अन्यायाचं वाटलं तरी त्यामागे कारण आहे: आधी कोणीच न बनवलेल्या वस्तूची किंमत आधीच बांधून मागितली, तर शहाणी कंपनी एक तर नकार देईल किंवा अव्वाच्या सव्वा आकडा सांगेल.

पण त्यामुळे खर्च आटोक्यात ठेवण्याची घाई कोणालाच उरत नाही. एफ-३५ विमानाचं कंत्राट २००१ मध्ये लॉकहीड मार्टिनला मिळालं. अमेरिकेच्या मरीन दलाने आपली पहिली तुकडी सज्ज असल्याचं जाहीर केलं ते २०१५ मध्ये. चाचण्या पुऱ्या व्हायच्या आधीच विमानांचं उत्पादन सुरू झालं होतं, त्यामुळे चाचणीत सापडलेले दोष तयार विमानांत पुन्हा जाऊन दुरुस्त करावे लागले. औषध मात्र चाचण्या पुऱ्या व्हायच्या आधी विकायला कायदा सहसा परवानगी देत नाही. अमेरिकेसाठी या विमानाचा संपूर्ण आयुष्यभराचा अंदाजे खर्च १.७ लाख कोटी डॉलरच्या वर गेला आहे, आणि त्यातला मोठा वाटा खरेदीचा नसून पुढची कित्येक दशकं ती विमानं चालवण्याचा आणि दुरुस्तीचा आहे.

असे प्रकल्प थांबवणं फार अवघड असतं. पैसा करदात्यांचा असतो, कामं अनेक मतदारसंघांत वाटलेली असतात आणि पर्यायी विमान तयार नसतं. अमेरिकेत १९८२ पासून कायदा आहे, की शस्त्राची किंमत ठराविक मर्यादेबाहेर वाढली तर संसदेला कळवावं लागतं, आणि वाढ फारच मोठी असेल तर प्रकल्प का चालू ठेवायचा याचं समर्थन करावं लागतं. समर्थन बहुतेकदा केलं जातं. औषध कंपनी एका निर्णयात ८० कोटी डॉलरवर पाणी सोडते आणि सरकारला ते जमत नाही, यात अधिकाऱ्यांच्या अकलेचा प्रश्न नाही. थांबल्याने कोणाचं काय वाचतं, हे दोन्हीकडे वेगळं आहे.

याच क्षेत्रात दुसरी, अगदी उलट वृत्तीची पद्धतही आहे. सोव्हिएत संघाने ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेने १९५८ मध्ये आर्पा ही लष्करी संशोधनाची संस्था काढली. तिचंच पुढे डार्पा झालं. तिच्याकडे स्वतःच्या प्रयोगशाळा नाहीत. सुमारे शंभर प्रोग्रॅम मॅनेजर असतात, ते साधारण तीन ते पाच वर्षांसाठी येतात, विद्यापीठांना आणि कंपन्यांना पैसे देतात आणि मुदत संपली की जातात. वर्षाचा खर्च सुमारे ४ अब्ज डॉलर. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा संशोधन-विकासाचा एकूण खर्च १०० अब्जांच्या पुष्कळ वर असतो, त्यात हा छोटा हिस्सा. १९७० च्या दशकातले संचालक जॉर्ज हाइलमायर यांनी प्रत्येक प्रस्तावाला विचारायचे प्रश्न घालून दिले होते: तांत्रिक शब्द न वापरता सांगा, तुम्हाला काय करायचं आहे? आज ते कसं केलं जातं? जमलं तर कोणाला फरक पडेल? किती पैसे, किती वेळ? आणि नीट चाललंय की नाही, हे मध्येच कसं ओळखायचं? शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे, कारण थांबायची वेळ कोणती ते तो सुरुवातीलाच ठरवायला लावतो.

२००४ मध्ये डार्पाने चालकाविना धावणाऱ्या गाड्यांची शर्यत मोहावी वाळवंटात घेतली. बक्षीस दहा लाख डॉलर. एकही गाडी पोहोचली नाही. सर्वांत पुढे गेलेली गाडी सुमारे २४० किलोमीटरच्या वाटेवर १२ किलोमीटरही धड गेली नाही. डार्पाने बक्षीस दुप्पट करून पुढच्याच वर्षी शर्यत पुन्हा ठेवली. या वेळी पाच गाड्या पोहोचल्या आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची पहिली आली. त्या संघाचे प्रमुख सेबास्टियन थ्रुन यांनीच पुढे गूगलमध्ये या गाड्यांचं काम सुरू केलं.

अशी संस्था आपल्याकडेही असावी, असं आता अनेक सरकारांना वाटतं. ब्रिटनने आरिया काढली, अमेरिकेने आरोग्यासाठी २०२२ मध्ये आर्पा-एच काढली. हा उत्साह मला मनापासून आवडतो, पण त्यात एक गोष्ट निसटते. डार्पाच्या मागे लष्कर हे धनवान गिऱ्हाईक उभं असतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एकात्मिक चिप इतक्या महाग होत्या, की मिनिटमन क्षेपणास्त्र आणि अपोलो यानाखेरीज त्या कोणी फारशा घेत नव्हतं. ही सरकारी खरेदी होत राहिली म्हणून उत्पादन वाढलं, किंमत उतरली आणि मग बाकीचं जग गिऱ्हाईक झालं.

हद्दी ओलांडल्या तेव्हा

कॅटलिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं, की एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणारा आणि पुढे कोविडच्या लशींत वापरला गेलेला रेणू, याच्या रचनेत छोटा बदल केला तर शरीर त्यावर भडकून उठत नाही. हे विद्यापीठातलं काम होतं. त्याला २०२३ चं नोबेल मिळालं. २०१३ मध्ये डार्पाने मॉडर्ना या तेव्हाच्या छोट्या कंपनीला २.५ कोटी डॉलरपर्यंतची मदत कबूल केली. आणि २०२० मध्ये अमेरिकी सरकारने कोविडच्या लशींच्या बाबतीत संरक्षण खात्यासारखा व्यवहार केला: लस मंजूर व्हायच्या आधीच कोट्यवधी डोसांची मागणी नोंदवली. फायझरने अमेरिकेकडून संशोधनाला पैसे घेतले नाहीत, पण १० कोटी डोसांसाठी १.९५ अब्ज डॉलरचा खरेदी करार तिच्या हातात होता. तिची जोडीदार बायोएनटेक हिला जर्मन सरकारने संशोधनासाठी पैसे दिले होते.

लस वर्षभरात आली म्हणजे चाचण्यांत काटछाट झाली असणार, असं आजही ऐकू येतं. ते चूक आहे. मॉडर्नाच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे ३० हजार माणसं होती, फायझरच्या सुमारे ४४ हजार. एरवी प्रत्येक टप्प्यानंतर कंपनी थांबते, निकाल पाहते, पुढचे पैसे घालावेत का याचा विचार करते, आणि कारखाना तर मंजुरी दिसू लागल्याशिवाय उभारतच नाही. या वेळी टप्पे एकमेकांत गुंफले गेले आणि लस पडली तर टाकून द्यावी लागेल हे माहीत असूनही कारखाने सुरू झाले. सुरक्षिततेची तपासणी पूर्वीइतकीच राहिली. पैसे बुडण्याची भीती मात्र सरकारने आपल्याकडे घेतली होती. रुग्णसंख्या जास्त असल्यामुळे निकालही लवकर आले, हेही खरं.

उलट उदाहरण प्रतिजैविकांचं. जुन्या औषधांना न जुमानणारे जीवाणू वाढत आहेत, नव्या औषधांची गरज सगळ्यांना मान्य आहे, संशोधनाला सरकारी पैसेही मिळतात. अमेरिकेतल्या अकायोजेन कंपनीला असे पैसे मिळाले होते. तिचं प्लाझोमायसिन हे औषध जून २०१८ मध्ये मंजूर झालं. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. नवं प्रतिजैविक डॉक्टर शक्यतो राखून ठेवतात, दुसरं काही चालेनासं झालं तरच वापरतात, आणि त्यांनी तसंच वागायला हवं. नाहीतर जीवाणू त्यालाही सरावतील. म्हणजे औषध जितकं नीट वापरलं जाईल, तितकी विक्री कमी. दर गोळीमागे पैसे मिळवणाऱ्या व्यवस्थेत असं औषध बनवणारी कंपनी टिकू शकत नाही, मग तिचं विज्ञान कितीही पक्कं असो.

ब्रिटनने २०२२ मध्ये यावर वेगळी वाट धरली. तिथल्या सरकारी आरोग्य सेवेने दोन प्रतिजैविकांसाठी वार्षिक वर्गणी ठरवली: प्रत्येकी वर्षाला १ कोटी पौंडांपर्यंत, औषध किती वापरलं गेलं याच्याशी संबंध न ठेवता. अग्निशमन दलाला आगी किती विझवल्या यावर पगार देत नाहीत, तसंच हे आहे. अमेरिकेतही अशाच धर्तीचं विधेयक २०२० पासून अनेकदा मांडलं गेलं. ब्रिटन ही औषधांची जगातली छोटी बाजारपेठ आहे, त्यामुळे एकट्या तिच्या वर्गणीवर नव्या प्रतिजैविकाचा खर्च निघत नाही. मोठ्या बाजारपेठांनी आपापला वाटा उचलला, तरच एखादी कंपनी हे काम पुन्हा हाती घ्यायला धजेल.